मुहूर्त काळाचा की कर्माचा?



सन २०२५ ची दत्तजयंती ४ डिसेंबरला, गुरुवारी आली. गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी, याहून आनंदाचा योग तो कोणता? पण त्याच वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेचा क्षय होता. क्षय हा शब्द कानावर पडला की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या पोटात कालवते. “पौर्णिमाच नाही म्हणतात यंदा, मग महाराजांचा जन्म कोणत्या तिथीला करायचा?” अशी विचारणा आमच्या भागातल्या पारावर आणि देवळाच्या ओट्यावर कितीदा तरी ऐकली. कोणी म्हणे, क्षयतिथी शुभकार्याला वर्ज्य असते, तेव्हा पारायणाची समाप्ती पुढे ढकला. कोणी म्हणे, तिथी गेली तर गेली, वार गुरुवार आहे ना, मग झाले.

प्रश्न भाबडा वाटला तरी खोटा नाही. तिथी हरवते म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल सारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असला की तो झपझप चालतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत उरकते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. आपला दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा, आणि सूर्योदयाला जी तिथी असेल तिचे नाव त्या दिवसाला द्यायचे, असा सर्वसाधारण नियम. आता २०२५ साली काय झाले? ४ डिसेंबरला सकाळी सूर्य उगवला तेव्हा चतुर्दशी चालू होती. साडेआठ वाजून गेल्यावर पौर्णिमा लागली, आणि ५ तारखेला पहाटे पावणेपाचच्या आतच संपली. म्हणजे पौर्णिमा पूर्ण वीस तास होती, पण एकाही सूर्योदयाला हजर नव्हती. शाळेत हजेरी सकाळी घेतात. जे पोर प्रार्थना झाल्यावर आले आणि शेवटची घंटा व्हायच्या आत घरी गेले त्याची गैरहजेरी मांडतात, तसा हा प्रकार. पोर शाळेत आले नव्हते असे कोणी म्हणेल काय? त्या रात्री आकाशात चंद्र पूर्ण होता, चांगला ठसठशीत होता.

याची आणखी एक गंमत आहे. आपल्या पुष्कळ घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. न्यू जर्सीत ४ डिसेंबरच्या सकाळी सूर्य उगवला तेव्हा पौर्णिमा चालू होती. तिथे ती आदल्या रात्री दहाच्या सुमारास लागली आणि त्या संध्याकाळी सव्वासहापर्यंत टिकली. रांजणगावला ज्या पौर्णिमेचा क्षय, तीच पौर्णिमा तिकडे सूर्योदयाची, धडधाकट! चंद्र एकच आणि तिथीही एकच. क्षय झाला तो आपल्या हजेरीपुस्तकात. तेव्हा क्षय म्हणजे तिथी मेली, आजारी पडली, तिच्यात काही खोट आली, असे समजण्याचे कारण नाही.

मग दत्तजयंती ४ तारखेलाच का? इथे शास्त्रकारांच्या एका शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘कर्मकाल’. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’ ज्यांच्या घरी आहे त्यांना हा शब्द पानोपानी भेटेल. ज्या कर्माची जी वेळ, त्या वेळेला जी तिथी असेल ती त्या कर्मासाठी घ्यायची. रामाचा जन्म माध्यान्ही, म्हणून चैत्र शुद्ध नवमी माध्यान्हाची पाहायची. कृष्णजन्म मध्यरात्रीचा, तिथे अष्टमी मध्यरात्रीची. भाद्रपदातली गणेश चतुर्थी माध्यान्हाची, महाशिवरात्र निशीथकाळाची, श्राद्धाची तिथी अपराण्हाची आणि संकष्टी चंद्रोदयाची. दत्तप्रभूंचा जन्मोत्सव आपण सूर्यास्तानंतर, प्रदोषकाळी करतो, म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमा प्रदोषाला असायला हवी. ४ डिसेंबरच्या सायंकाळी ती होती. संशयाला जागाच नव्हती.

२०२४ साली तर याहून स्पष्ट उदाहरण घडले. त्या वर्षी पौर्णिमा १४ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास लागली आणि १५ तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास संपली. सूर्योदयाची पौर्णिमा म्हणाल तर ती १५ तारखेला होती. पण पाळणा हलला १४ ला, शनिवारी, कारण १५ च्या संध्याकाळी पौर्णिमा शिल्लक नव्हती.

मला यात धर्मशास्त्राची फार मोठी समज दिसते. सकाळच्या तिथीने दिवसावर शिक्का मारला आणि आता सगळ्यांनी त्याप्रमाणे निमूट वागायचे, असे शास्त्रकारांनी केले नाही. त्यांनी आधी कर्माला विचारले, बाबा, तुझी वेळ कोणती? मग त्या वेळेला धरून तिथी निवडली. यजमान कर्म आहे, तिथी त्याच्या घरी पाहुणी येते. आपण मात्र रोजच्या व्यवहारात हे पार उलटे करून टाकले आहे. आधी ‘दिवस चांगला आहे का’ हे पाहायचे, आणि नसेल तर काम कितीही निकडीचे असो, ते बाजूला ठेवायचे.

शास्त्रात मुख्य काळ असतो तसा गौण काळही असतो, हेही लोक विसरतात. रांजणगावची औद्योगिक वसाहत झाल्यापासून आमच्या भागात घरटी एक तरी माणूस पाळीवर जातो. दुपारच्या पाळीचा मुलगा प्रदोषकाळी यंत्रापुढे उभा असतो. तो रात्री साडेअकराला घरी येऊन हातपाय धुऊन महाराजांपुढे दिवा लावतो. त्याची दत्तजयंती झाली की नाही? त्या गुरुवारी साडेअकराला पौर्णिमेचे अजून पाच तास शिल्लक होते. मुख्य काळ टळला हे खरे, पण ज्याने तो आळसाने टाळला आणि ज्याचा तो पोटासाठी टळला, या दोघांना एका मापाने मोजणारे शास्त्र माझ्या तरी वाचनात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काळ स्वतःच शुभ किंवा अशुभ असतो का? विस्तव जसा मुळातच गरम असतो, तशी एखादी घटका मुळातच चांगली असते का? काही शिकलेली मंडळी म्हणतील, हे सगळे थोतांड, घड्याळातला प्रत्येक मिनिट सारखाच. दुसऱ्या बाजूला आज अशीही घरे आहेत की मोबाईलवर राहुकाल पाहिल्याशिवाय दुकानाचे शटर वर जात नाही. आमच्या लहानपणी घरात राहुकाल हा शब्दही नव्हता, आणि तरी आमचे वाडवडील धर्म पाळत होतेच की! मला या दोन्ही टोकांशी जमवून घेता येत नाही. का, ते आपल्याच गावच्या देवाच्या कथेवरून सांगतो.

रांजणगावच्या महागणपतीची कथा या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्रिपुरासुराने गणपतीचीच आराधना करून सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन पुरे मिळवली आणि मग तो माजला. पुराणात असे आहे की ही तिन्ही पुरे पुष्य नक्षत्राच्या योगावर एका रेषेत येत, आणि तेव्हाच एका बाणाने ती भेदता येत. म्हणजे प्रत्यक्ष शंकरालाही मुहूर्त धरावा लागला. हवे तेव्हा बाण सोडला आणि काम झाले, असे नव्हते. काळाला काहीच अर्थ नाही म्हणणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. पण कथा तिथे संपत नाही. सगळे सामर्थ्य असूनही शिवाला यश येईना, कारण निघताना गणेशाचे स्मरण राहिले होते. नारदाने ते ध्यानात आणून दिले. शिवाने इथे गणेशाला वंदन केले आणि मग त्रिपुराचा वध झाला. तोच दिवस कार्तिकी पौर्णिमेचा, आपण त्रिपुरी म्हणून दिवे लावतो तो. योग जुळून आला तरी नमस्काराशिवाय तो कामास आला नाही. महादेवाचीही ही गत, तर मुहूर्ताचा कागद खिशात ठेवून निर्धास्त झालेल्या यजमानाचे काय सांगावे?

शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिरूरचा बराचसा मुलूख अवर्षणाचा. सूर्य मृग नक्षत्रात साधारण ७-८ जूनला जातो. म्हातारी माणसे मृगाची वाट पाहतात, हस्ताच्या पावसावर रब्बीच्या ज्वारीचा हिशेब मांडतात. हेही पंचांगच. पण मृग निघाला म्हणून कोणी कोरड्या ढेकळांत पाभर घालत नाही. पाऊस पडून वाफसा आला का, मूठभर माती दाबून बघतात. नक्षत्र सांगते की आता तयारीत रहा, अवजारे नीट करा, बी काढून ठेवा. पेरायचे केव्हा, ते माती सांगते. नक्षत्राला मान द्यायचा आणि मातीचेही ऐकायचे, या दोन्ही गोष्टी तो एकाच डोक्यात ठेवतो. लग्नकार्याला मात्र तोच माणूस अगदी वेगळा वागतो, याचे मला नवल वाटते.

काळाच्या शुभत्वाविषयी आणखी एक अवघड पेच आपल्या महाराष्ट्रातच उभा आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्याकडे पंचांग एक नाही. गेल्या शतकाच्या आधीपासून जाणत्यांना दिसू लागले होते की जुन्या करणग्रंथांवरून काढलेले गणित आणि आकाशात दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणिताने पंचांग सुरू केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहून १८९६ साली प्रसिद्ध केला. लोकमान्यांनी यात लक्ष घातले, मुंबईला १९०४ मध्ये आणि सांगलीला १९२० मध्ये ज्योतिष संमेलने झाली. ग्रह डोळ्यांना जिथे दिसतो तिथे तो पंचांगात असला पाहिजे, यावर सर्वांचे एकमत होत गेले. वाद उरला तो राशिचक्राचा आरंभ कोठून मोजायचा याचा. टिळक पंचांग रेवतीच्या एका ताऱ्यापासून मोजते. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याचा पक्ष मांडला, आणि सोलापूरच्या दाते पंचांगासह बहुतेक पंचांगे आज त्याच पक्षाची आहेत. दोहोंत फरक सुमारे चार अंशांचा. सूर्य रोज अंशभर चालतो, म्हणून टिळक पंचांगाची मकर संक्रांत १० जानेवारीला येते आणि आपली १४-१५ ला.

चार दिवसांचा फरक म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिकमास, असा नियम आहे. चार दिवसांनी संक्रांत अमावास्येच्या अलीकडे सरकली की अधिकमास दुसरीकडे जातो. २०२३ साली हेच झाले. दाते पंचांगाने १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण धरला. टिळक पंचांगाने तोच महिना साधा श्रावण मानला. परिणाम असा, की टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत, कोकणात विशेषतः, गणपती २० ऑगस्टला बसले. बाकी महाराष्ट्रात ते १९ सप्टेंबरला आले. चांगला महिन्याचा फरक!

आता सांगा, भाद्रपद शुद्ध चतुर्थी खरी कोणती? शुभपणा जर त्या घटकेच्या अंगचाच असेल, तर या दोघांपैकी एकाने रिकाम्या दिवशी मूर्ती बसवली असे म्हणावे लागेल. एकाची पूजा पोचली आणि दुसऱ्याची वाऱ्यावर गेली, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि वाचकांपैकीही कोणाची रेटेल असे वाटत नाही. दोन्ही घरांनी कित्येक पिढ्या आपापल्या पंचांगाप्रमाणे, ठरल्या दिवशी, सगळी भावंडे जमवून तो दिवस पाळला आहे.

माझ्या अल्पमतीला याचे उत्तर संकल्पात सापडते. कोणत्याही पूजेच्या आरंभी गुरुजी पळीभर पाणी हातावर घालून भराभर काहीतरी म्हणतात, आपण मान डोलावतो. त्यात काय असते? भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग आपले गोत्र आणि नाव, आणि शेवटी, मी अमुक कर्म करीन. पंचांगाचा मूळ उपयोग हा. तलाठ्याकडे नाहीतर उपनिबंधकाकडे कागद करताना आपण गाव, गट नंबर, तारीख, वार सगळे लिहितो. तारीख लिहिल्याने जमीन सुपीक होत नाही. पण तारीख नसलेल्या कागदाला किंमतही नसते, कारण दिलेला शब्द कोणी, कुठे आणि केव्हा दिला हे त्यातून कळत नाही. तसेच हे. संकल्पात माणूस देवापुढे आपला ठावठिकाणा सांगून उभा राहतो. इथे आहे, आज आहे, हे करणार आहे. त्या घटकेला शुभपण येते ते या शब्दाने. आणि हजारो घरांनी एकाच सायंकाळी एकच शब्द दिला, म्हणजे त्या सायंकाळीला जे तेज चढते ते आपण दत्तजयंतीला सहाच्या सुमारास पाळण्याची दोरी हाती घेताना अनुभवतोच.

एवढे मानले की आजच्या मुहूर्तवेडाकडे पाहून हसू येते आणि वाईटही वाटते. पत्रिकेवर छापतात, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. वरात वाजत-गाजत, नाचत मांडवात येते दीडला. मंगलाष्टके सुरू होतात दोनला, कारण पुढाऱ्यांचे सत्कार व्हायचे असतात. ज्या मिनिटासाठी तीन ज्योतिषी पाहिले ते मिनिट डीजेखाली चिरडून गेले, आणि उन्हात ताटकळलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांचे कोणाला काहीच वाटत नाही. मुहूर्त म्हणजे दिवसरात्रीचा तिसावा भाग, ४८ मिनिटे. त्यात एवढी सवड मुद्दामच ठेवलेली आहे. पुष्कळांना असेही वाटते की अभिजित मुहूर्त म्हणजे घड्याळातले बारा. पण घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि रांजणगाव पडले सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. आपला खरा माध्यान्ह साडेबाराच्या पुढेमागे होतो. सेकंदाचा काटा पाहणाऱ्यांनी निदान सूर्य तरी पाहावा.

ही झाली हौसेची गोष्ट, तिच्यात नुकसान पैशाचे. भीतीची गोष्ट वेगळी. मूल नक्षत्राची म्हणून, मंगळाची म्हणून पोरगी नाकारतात, तिथे पंचांगातला एक रकाना एका जिवंत माणसाच्या कपाळावर लिहिला जातो. प्रसूतीसाठी नड नसताना पोट फाडायची वेळ ज्योतिषाकडून काढून आणतात. याला मी धर्म म्हणणार नाही. नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे कर्मांचे भेद आपल्या पूर्वजांनी केले ते उगाच नाही. घर बांधणे, मुंज, लग्न, या गोष्टींची वेळ निवडणे आपल्या हाती असते, तिथे जरूर चांगला दिवस पाहावा, साडेतीन मुहूर्तांचा मान ठेवावा. पण दारी भुकेलेला आला, शेजारी आग लागली, उसने घेतलेले परत करायचे ठरले, तिथे वेळ आपण निवडत नाही. वेळच आपल्याला निवडते. आणि रोग्याला तर शास्त्राने पदोपदी सूट दिलेली आहे. उपास, स्नान, सोवळे, सगळ्यातून. आतुर माणसाला संन्यासदेखील मुहूर्ताशिवाय घेता येतो.

आमच्या शेजारच्या एका वाडीत अलीकडेच घडलेली हकीकत आहे. घरातली म्हातारी ओसरीवरून घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका, उद्याच शस्त्रक्रिया करतो. उद्या होती अमावास्या, त्यात मंगळवार. थोरला मुलगा अडून बसला. आईला अमावास्येला आत नेऊ देणार नाही, एक दिवसाने काय बिघडते? धाकटा चिडला. दोघांचे वाजले. म्हातारी कण्हत होती. शेवटी थोरल्याच्या समाधानासाठी रात्री नऊ वाजता गावच्या गुरुजींना बोलावले. गुरुजी सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पंचांग मागितले, चष्मा लावला, पान काढले, बराच वेळ पाहिले आणि मिटून ठेवले.

“म्हातारी पडली तेव्हा कोणतं नक्षत्र होतं रे?” त्यांनी थोरल्याला विचारले.

“ते कुठं बघितलं, गुरुजी?”

“मग उठताना कशाला बघतोस? देवापाशी दिवा लावा, सकाळी सातला गाडी काढा. मी येतो बरोबर.”

ते खरोखरच गेले. शस्त्रक्रिया होईपर्यंत बाहेरच्या बाकावर जप करीत बसले. तीन आठवड्यांनी म्हातारी वॉकर धरून ओसरीपर्यंत आली, तेव्हा थोरला शिधा आणि दक्षिणा घेऊन गुरुजींकडे गेला. गुरुजींनी शिधा ठेवून घेतला आणि दक्षिणेची नोट परत त्याच्या हातात दिली. म्हणाले, “ही मुहूर्ताची असते. मुहूर्त मी दिलाच कुठं होता?”